जुन्या गोव्यातला तो क्रॉस टेम्प्लरांचा का? (ऑर्डर ऑफ क्राइस्टची चिन्हं: गूढ किती, दप्तर किती)

ओसरी

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या शेजारी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचं चर्च आहे. त्याला लागूनच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तेच. आजचं चर्च १६६१ चं, पण दाराची काळसर दगडी चौकट त्याआधीच्या, १५२१ च्या चर्चची. जुनं पाडलं तेव्हा ती तेवढी राखली. त्या दारावर एक क्रॉस आणि कड्याकड्यांचे दोन गोल कोरलेत.

सध्या यावर व्हिडिओंचं पीक आलंय. क्रॉस टेम्प्लरांचा (म्हणजे मध्ययुगात धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती साधू-योद्ध्यांच्या संघाचा), गोल म्हणजे गुप्तविद्येची खूण, टेम्प्लर संपलेच नाहीत, पोर्तुगालात नाव बदलून राहिले आणि तिथून गोव्यात उतरले, असा सगळ्यांचा सूर. यातलं 'नाव बदलून' अगदीच हवेतलं नाही, तिथेच सगळी पंचाईत. म्हणून जाणकारांना विचारतो: टेम्प्लर आणि त्यांच्या जागी पोर्तुगालात निघालेला ऑर्डर ऑफ क्राइस्ट हा संघ यांच्यात खरं नातं किती? आणि या चिन्हांचा अर्थ त्या काळी गुपित होता की रस्त्यावरच्या माणसालाही ठाऊक होता?

भोचक_भवानी

टेम्प्लर आले, फेणी चाखली, खजिन्याचं विसरले. धागा संपला, सगळ्यांनी जेवून घ्या.

दप्तरदार

नातं आहे, पण ते जमिनीचं. क्रम असा.

१३ ऑक्टोबर १३०७ ला फ्रान्सच्या चौथ्या फिलिपनं टेम्प्लरांची धरपकड केली. १३१२ मध्ये व्हिएन्नच्या परिषदेत पोपनं संघटना बरखास्त केली आणि त्यांची मालमत्ता हॉस्पिटलर या दुसऱ्या लढवय्या संघाला दिली. मात्र पोर्तुगाल, कॅस्टिल, अरागॉन आणि मायोर्का ही राज्यं त्या वाटपातून वगळली. का? कारण तिथल्या राजांनी आधीच कांगावा सुरू केला होता की या जमिनी मुसलमानांशी लढण्यासाठी आमच्या पूर्वजांनी दिल्या, त्या बाहेर जाऊ देणार नाही. पोर्तुगालचा राजा दिनिश यानं जमिनी ताब्यात घेतल्या आणि पोपकडे वकील पाठवून घासाघीस केली. १४ मार्च १३१९ ला बाविसाव्या जॉन पोपनं नव्या संघाची सनद दिली: ऑर्डर ऑफ क्राइस्ट. शेजारच्या अरागॉननं १३१७ मध्ये असाच मोंतेसाचा संघ काढला होता. म्हणजे हा एकट्या पोर्तुगालचा चमत्कार नव्हे.

आता गूढवाले ज्याला हात लावत नाहीत तो भाग. नव्या संघाचा पहिला प्रमुख जिल मार्तिन्स हा टेम्प्लर नव्हताच, तो आविश या दुसऱ्या पोर्तुगीज लढवय्या संघाचा होता. नियमावली घेतली कालात्रावा या स्पेनमधल्या संघाची. देखरेख आल्कोबासाच्या सिस्टर्शियन मठाच्या प्रमुखाकडे. ठाणं टेम्प्लरांच्या जुन्या मुख्य ठिकाणी, तोमारला, न ठेवता थेट दक्षिण टोकाला, ग्वादियाना नदीच्या मुखावर कास्त्रो मारीमला. तोमारला ते परतले १३५७ मध्ये. काही जुने टेम्प्लर नव्या संघात आले हे खरं. पण नेता बाहेरचा, नियम दुसऱ्यांचे, देखरेख तिसऱ्यांची. अशा घरात गुप्त परंपरा कोण कुणाला देणार?

गूढानंद

दप्तरदार, कागद तुमच्याकडे आहेत, चिन्हांचं काय? टेम्प्लरांच्या फ्रान्समधल्या एका तेराव्या शतकातल्या मोहोरेवर अब्राक्सास ही प्राचीन गूढ आकृती आहे: कोंबड्याचं डोकं, पायांच्या जागी साप, आणि भोवती 'टेम्पलचं गुपित' अशा अर्थाची अक्षरं. हे तर कुणी व्हिडिओवाल्यानं कोरलं नाही ना? आणि तोमारची शारोला, म्हणजे टेम्प्लरांचं गोल चर्च, आतून अष्टकोनी, बाहेरून सोळा बाजूंचं. आठ हा आकडा योगायोगानं येत नाही.

चिरेबंदी

दोन्ही खरं, दोन्हीचा अर्थ वेगळा.

अब्राक्सासचं आधी. रोमन काळातले कोरीव रत्नखडे मध्ययुगात सर्रास सापडत आणि तेच धातूच्या कड्यात बसवून शिक्का म्हणून वापरले जात. बिशप आणि सरदारांच्या मोहोरांवरही रोमन देवदेवता सापडतात, त्या त्यांच्या भक्तीमुळे नव्हेत. कारण व्यवहारातलं होतं: असा खडा एकमेव, त्यामुळे नक्कल करणं कठीण. आणि 'सेक्रेतुम' हा त्या काळच्या दप्तरातला रोजचा शब्द. मोठ्या मोहोरेच्या पाठीमागे किंवा खासगी पत्रावर उठवायच्या लहान शिक्क्याला तेच म्हणत. राजांचेही सेक्रेतुम असत.

आता आठ. शारोला जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चची आठवण म्हणून गोल बांधली. आतले आठ खांब वर्तुळाला पेलायला सोयीचे. आठ जर टेम्प्लरांचा गुप्त आकडा असता तर लंडनच्या त्यांच्या चर्चमध्ये (११८५ चं) गोलात सहाच खांब का? आणि टेम्प्लरांची बहुतेक चर्चं साधी लांबट चौकोनी आहेत. ती पाहायला कुणी जात नाही, म्हणून गोलच सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात.

शारोलात घोड्यावर बसून प्रार्थना ऐकत, हीही एक लोणकढी. तोमारचा गाईड सांगतोच.

तळ्यातमळ्यात

एक शंका. पोर्तुगालच्या फुटबॉल संघाच्या बिल्ल्यावरही हाच लाल क्रॉस आहे. म्हणजे रोनाल्डो ग्रँड मास्टर?

भोचक_भवानी

@तळ्यातमळ्यात, तरीच पेनल्टीच्या वेळी तो डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो.

चिरेबंदी

विनोद बाजूला, तो क्रॉस ओळखायचा कसा हे नीट लिहितो, कारण नव्वद टक्के घोळ इथेच होतो.

टेम्प्लरांचा क्रॉस सबंध लाल, पांढऱ्या झग्यावर. तो वापरायची मुभा त्यांना ११४७ च्या सुमाराला मिळाली. त्याचा एकच ठरलेला आकार नव्हता; टोकांकडे रुंदावणारा जास्त दिसतो, पण साधाही चाले. ऑर्डर ऑफ क्राइस्टचा क्रॉस लाल, त्याच्या पोटात बारीक पांढरा क्रॉस, चारही हात सरळ आणि फक्त टोकाशी बाहेर फाकलेले. आविशचा हिरवा, टोकं फुलांच्या पाकळ्यांसारखी. सांतियागो संघाचा लाल, खालचा हात तलवारीसारखा टोकदार. हॉस्पिटलरांचा पांढरा, आठ टोकांचा.

दगडात रंग नसतो. मग पोटातला पांढरा क्रॉस दाखवायचा कसा? कारागीर आत खाच मारतो किंवा कडेनं बारीक रेघ ओढतो. गोव्याच्या पावसात ती खाच झिजते, वरून दरवर्षी चुन्याचा हात फिरला तर भरून जाते. खाच दिसेनाशी झाली की उरतो सबंध, फाकलेल्या टोकांचा क्रॉस. मग मोबाइलवर फोटो काढून 'टेम्प्लर' म्हणायला मोकळे.

यावर उपाय सोपा आहे. समोरून फ्लॅश मारू नका, फ्लॅशनं उथळ खाच पुसली जाते. संध्याकाळी जा, किंवा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं उजेड टाका, आधी डावीकडून मग वरून. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की आतली रेघ उमटते. खडू किंवा कोळसा मात्र घासू नका. संरक्षित वास्तू आहे, गुन्हा होतो. शिवाय खडूची भुकटी खाचेत बसते आणि पुढच्या माणसाला काहीच दिसत नाही.

नाणेवाला

चिरेबंदींच्या प्रतिसादाला जोड. दगड झिजला तरी नाणी आहेत. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतल्यावर लगेच टांकसाळ काढली. चांदीचं एस्पेरा, त्याच्या निम्मं मेया एस्पेरा, तांब्याचं लेआल. एस्पेराच्या एका बाजूला ऑर्डर ऑफ क्राइस्टचा क्रॉस, दुसऱ्या बाजूला तोच कड्याकड्यांचा गोल. नाण्याचं नावच त्या गोलावरून पडलं. बाजारात भाजी घेणाऱ्याच्या हातात जे फिरतं ते गुपित कसं असेल? ती जाहिरात होती: आजपासून कर कुणाला द्यायचा त्याची.

आणखी एक गफलत सांगून ठेवतो. गोव्याच्या नंतरच्या नाण्यांवर आणि चिन्हांवर दातेरी चाक दिसतं. ते ना हा गोल, ना धर्मचक्र, ना सूर्यरथाचं चाक. ते सेंट कॅथरिनचं चाक, तिच्या छळासाठी आणलेलं. अल्बुकर्कनं गोवा दुसऱ्यांदा घेतलं २५ नोव्हेंबरला, तो तिचा सण, म्हणून ती गोव्याची रक्षक संत. से कॅथेड्रलही तिचंच. चाक आणि गोल यांतला फरक: चाक सपाट, आरे मध्यातून निघतात, कडेला सुळे. गोलात कडी एकमेकांना छेदतात आणि एक रुंद पट्टा तिरपा जातो.

निरंजना_प

तो तिरपा पट्टा म्हणजे क्रांतिवृत्त, सूर्याची वर्षभराची वाट. बाकी कड्यांपैकी मधलं विषुववृत्त, त्याच्या दोन बाजूंना कर्क आणि मकर वृत्तं, टोकांशी ध्रुवीय वृत्तं, आणि आरपार गेलेला दांडा म्हणजे आस. मध्ये लहानशी गोळी, ती पृथ्वी.

याला 'नाविकांचा गोल' म्हणतात त्याला माझा आक्षेप आहे. हे जहाजावर वापरायचं यंत्रच नव्हे. डोलणाऱ्या डेकवर कड्यांच्या गोलातून काय मोजणार? तिथे अ‍ॅस्ट्रोलॅब, क्वाड्रंट, होकायंत्र. कड्यांचा गोल हे शिकवायचं साधन होतं, विद्यापीठात खगोल समजावून सांगायला. राजानं ते घेतलं ते 'सगळं विश्व' या अर्थानं.

लिस्बोआकर

निरंजना, बरोबर. आणि ते त्या राजानं, म्हणजे पोर्तुगालच्या मॅन्युएलनं, स्वतः निवडलं नव्हतं, त्याला मिळालं. १४८४ मध्ये दुसऱ्या जॉन राजानं मॅन्युएलच्या थोरल्या भावाला, दियोगोला, कटाच्या आरोपावरून स्वतःच्या हातानं भोसकलं, आणि धाकट्या मॅन्युएलला बेजाचं सरदारपद, ऑर्डर ऑफ क्राइस्टचं प्रमुखपद आणि हे चिन्ह दिलं. १४९१ मध्ये जॉनचा एकुलता औरस मुलगा घोड्यावरून पडून गेला. १४९५ मध्ये मॅन्युएल गादीवर. म्हणून क्रॉस आणि गोल ही जोडी त्याच्या काळात सगळीकडे दिसते: दोन्ही त्याची गादीवर यायच्या आधीचीच.

राजघराण्याच्या चिन्हातही असंच आहे, तेही सांगतो, कारण 'पाच ढाली, पाच पाच ठिपके' यावरही भरपूर गूढ रचलं गेलंय. कथा अशी: ११३९ च्या ओरिकच्या लढाईत पोर्तुगालचा पहिला राजा अफॉन्सो हेन्रिक्स याला ख्रिस्त दिसला, त्यानं पाच मूर (मुसलमान) राजे हरवले, म्हणून पाच ढाली, ठिपके म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, आणि ठिपके पंचवीस अधिक ढाली पाच म्हणजे ख्रिस्ताला दगा देऊन ज्यूडासनं घेतलेली तीस नाणी. हिशेब सुंदर जुळतो. फक्त सुरुवातीच्या राजांच्या मोहोरांवर ठिपके पाच नसतातच. कधी दहा-अकरा, कधी आणखी, जागा असेल तेवढे. ते ढालीची कातडं-फळी एकत्र धरणारे खिळे असावेत असं एक मत आहे, आणि मला तेच पटतं. पाचाची पद्धत नंतर बसत गेली. १४८५ मध्ये दुसऱ्या जॉननं चिन्ह आवरलं: बाजूच्या दोन आडव्या ढाली उभ्या केल्या आणि आविशचा हिरवा क्रॉस, जो १३८५ पासून मागून डोकावत होता, काढून टाकला. ख्रिस्तदर्शनाची कथाही पंधराव्या शतकाच्या आधी लिहिलेली मिळत नाही. म्हणजे आधी ठिपके, मग आकडा, मग अर्थ.

भोवतीचे किल्ले तिसऱ्या अफॉन्सोच्या काळातले, तेराव्या शतकातले. त्यांची संख्याही सातावर स्थिरावली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीला. त्यामुळे एखाद्या दगडावर किल्ले आठ-नऊ दिसले तर 'गुप्त संकेत' म्हणण्याआधी साल बघा. तारीख लावायला ही खूण फार उपयोगी.

गूढानंद

सगळे मिळून प्रत्येक चिन्हाची सातबारा काढताय. मान्य, टेम्प्लर सोडून देऊ. पण मॅन्युएलला या चिन्हांत खरंच काहीतरी दिसत होतं हे कसं नाकारणार? वारसांच्या रांगेत इतके जण पुढे असताना गादी त्याला मिळाली, नाव एमॅन्युएल, म्हणजे ख्रिस्ताचंच एक नाव, दरबारातले लोक त्याला निवडलेला समजत, आणि लाल समुद्रातून वर जाऊन जेरुसलेम घ्यायचं हे त्याचं गंभीर धोरण होतं. १४९९ मध्ये भारताची वाट सापडल्यावर त्यानं 'इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थानचा विजय, नौकानयन आणि व्यापार यांचा स्वामी' अशी पदवी लावली, तेव्हा या चारपैकी एकाही देशात त्याची वीतभर जमीन नव्हती. हा निव्वळ हिशेबनिसाचा माणूस नव्हे.

दप्तरदार

यात वाद नाही. मसीहाचं वेड त्याला होतंच, आणि अल्बुकर्क त्याच वेडाचा शिलेदार. माझा मुद्दा एवढाच की हे वेड त्यानं लपवलं नाही. दारांवर, नाण्यांवर, शिडांवर, दस्तऐवजाच्या पहिल्या पानावर छापलं. गूढ म्हणजे मोजक्यांना कळावं असं. इथे उलट, सगळ्यांनी बघावं म्हणून खटपट आहे.

गूढानंद

बघणं वेगळं, कळणं वेगळं. तोमारच्या मठाची ती प्रसिद्ध खिडकी घ्या. दोरखंड, पोवळी, साखळ्या, तळाशी झाडाची मुळं खांद्यावर पेलणारा दाढीवाला. ती सगळ्यांनी बघितली, पाचशे वर्षं झाली, अर्थावर अजून दोन जणांचं एकमत नाही.

चिरेबंदी

त्या खिडकीपुरतं गूढानंदांच्या बाजूनं मत. वास्तुकार दियोगो द आरुदाचं काम, साधारण १५१० ते १५१३. सगळ्यात वर ऑर्डरचा क्रॉस, त्याखाली राजाची ढाल, दोन्ही बाजूंना गोल. हा वरचा भाग शंभर टक्के सरकारी, आणि गोव्याच्या दारावर क्रॉस आणि दोन गोल ही जी मांडणी आहे ती यातलीच, साधी करून घेतलेली. पण बाजूच्या दोन बुरुजवजा खांबांवर एकाला बक्कल असलेला भलामोठा पट्टा आवळलाय आणि दुसऱ्याला साखळी. पट्टा म्हणजे इंग्लंडची ऑर्डर ऑफ द गार्टर, साखळी म्हणजे बर्गंडीची गोल्डन फ्लीस (दोन्ही राजेरजवाड्यांना मिळणारे मानाचे सरदारी किताब), असं पुस्तकांत वाचायला मिळतं. पट्ट्याचं पटतं. साखळीची अडचण अशी की मॅन्युएलला गोल्डन फ्लीस मिळालं १५१६ मध्ये, काम त्याआधीचं. शिवाय गोल्डन फ्लीसच्या हारात चकमकीचे दगड आणि पोलादी तुकडे आळीपाळीनं असतात, खाली मेंढ्याची कातडी लोंबते. इथल्या साखळीत त्यातलं काही नाही. मग ती काय? जहाजावरची एखादी साखळी, एवढंच म्हणता येईल, आणि तेही ठामपणे नाही.

पाटीलबुवा_वसईकर

थोडं अवांतर. वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देवळांना वाटल्या गेल्या. भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत, काहींवर क्रॉस दिसतो. पाचशे वर्षांनी कुणी व्हिडिओ काढला तर भीमाशंकर हे टेम्प्लरांचं सहावं ज्योतिर्लिंग ठरेल.

भोचक_भवानी

पाचशे कशाला, पुढच्या गुरुवारी येईल. थंबनेलवर लाल बाण असेल.

लिस्बोआकर

थंबनेलवरून आठवलं. या व्हिडिओंत हटकून एक खोल गोल विहीर दाखवतात, नागमोडी जिना, तळाशी टेम्प्लर क्रॉस, 'दीक्षेची विहीर'. ती सिंत्राच्या किंता दा रेगालेइरातली आहे. खरी आहे, क्रॉसही खरा आहे, फक्त १९०४ ते १९१० च्या दरम्यान बांधलेली. ब्राझीलमधून गडगंज होऊन आलेल्या एका श्रीमंतानं इटालियन नेपथ्यकाराकडून करून घेतलेली हौस. मध्ययुगाशी तिचा संबंध एवढाच की मालकाला मध्ययुग आवडायचं. टेम्प्लर ज्याला पुजत असा आरोप होता त्या बाफोमेतचं बकऱ्याचं चित्रही तसंच, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचं. टेम्प्लरांच्या खटल्यातल्या जबान्यांत बकरा नाही. तिथे 'मुंडकं' येतं, आणि तेही प्रत्येक जण वेगळं सांगतो, छळ करून घेतलेल्या जबान्यांत होतं तसं.

निरंजना_प

दीक्षेचा विषय निघालाय तर विचारते: ऑर्डर ऑफ क्राइस्टमध्ये प्रवेश कसा मिळे? तिथे तरी काही गुप्त विधी?

दप्तरदार

विधी होता: झगा, तलवार, शपथ, आणि तो चर्चमध्ये सगळ्यांदेखत. गुप्त होती ती चौकशी. सोळाव्या शतकात, विशेषतः १५५१ मध्ये पोपनं क्राइस्ट, सांतियागो आणि आविश या तिन्ही संघांचं प्रमुखपद राजगादीला कायमचं जोडल्यावर, हे सगळं एका सरकारी मंडळाकडे गेलं. त्याचं नाव मेझा दा कोन्सिएन्सिया, स्थापना १५३२. राजानं कुणाला झगा मंजूर केला की मंडळ त्याच्या गावी माणूस पाठवी. साक्षीदारांना ठरीव प्रश्न: उमेदवाराचे आईबाप, दोन्हीकडचे आजीआजोबा कोण? त्यांत ज्यू किंवा मूर रक्त आहे का? कुणी हातानं काम करून पोट भरलं का? सुतार आजोबा निघाला तरी फाइल अडे, मग राजाकडून माफीपत्र आणायचं, दंड भरायचा, पुन्हा फेरी. झगा मिळाला की त्याबरोबर वर्षासन. नशीबवानांना कोमेंदा, म्हणजे संघाच्या जमिनीचं उत्पन्न, आपल्याकडच्या इनामासारखंच.

त्या फाइली लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो दप्तरखान्यात आहेत, ढिगानं. ज्यांना गुप्त परंपरा शोधायची त्यांनी त्या वाचाव्यात. ब्रह्मचर्याची अटसुद्धा १४९६ मध्ये सुटली होती, सरदारांना लग्न करता येत असे.

तळ्यातमळ्यात

म्हणजे जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला आणि वर पेन्शन. कसलं गूढ घेऊन बसलात, हे तर तहसील कार्यालय निघालं.

ओसरी

भरपूर मिळालं. एक प्रश्न मात्र उरतोच. चर्च फ्रान्सिस्कन साधूंचं. त्यांचं व्रत दारिद्र्याचं. त्यांच्या दारावर राजाचा गोल आणि एका लढवय्या संघाचा क्रॉस का? स्वतःची खूण का नाही?

दप्तरदार

कारण पैसे आणि अधिकार दोन्ही तिकडून येत. १४५६ मध्ये पोपनं मोरोक्कोच्या दक्षिणेपासून थेट हिंदुस्थानापर्यंतच्या मुलखाचा धार्मिक अधिकार ऑर्डर ऑफ क्राइस्टला, म्हणजे तोमारच्या मठाला दिला होता. १५१० मध्ये गोवा पडलं तेव्हा कायद्यानं इथली चर्चं तोमारच्या अखत्यारीत होती. १५१४ मध्ये मादेइरा बेटावर फुंशालचं बिशपपद निघालं, गोवा त्याखाली गेलं. गोव्याला स्वतःचं बिशपपद १५३४ मध्ये. पण चर्च बांधायची, पाद्री पोसायचा, नेमणूक सुचवायची ही जबाबदारी राजाचीच, संघाचा प्रमुख या नात्यानं. १५२१ मध्ये राजा आणि प्रमुख एकच माणूस, मॅन्युएल, त्याच वर्षी डिसेंबरात वारला. दारावर 'हे काम अमुक निधीतून' असं लिहिलंय समजा.

गूढानंद

फ्रान्सिस्कनांनी १६६१ मध्ये बाकी सगळं पाडून नेमकं तेवढंच दार का ठेवलं, याचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही.

चिरेबंदी

गोव्यातलं बांधकाम जांभ्याचं, वर चुना. जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, कड तुटते. ही चौकट कठीण दगडाची, घडवायला महाग, आणि १६६१ मध्ये तिजोरीत खडखडाट: डचांशी युद्ध चालूच. घडवलेली चौकट कोण फेकेल? त्यात तुम्हाला जुन्या राजाचा मान दिसत असेल तर तोही असेल, दोन्हींची अडचण नाही. आत गेलात तर खाली बघायला विसरू नका. फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत, घराण्यांची चिन्हं कोरलेल्या. एखाद्या ढालीत बारीक रेघा दिसल्या तर ती झीज समजू नका, सतराव्या शतकात रूढ झालेली रंगांची खूण असू शकते: उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरं म्हणजे चांदी. टॉर्च तिथेही आडवाच धरा.